जास्तीचे शब्द काय झाकतात

भगवद्गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानेश्वरांनी १२९० साली त्यांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगितल्या. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात त्याच गीतेवर जाडजूड ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पेण तालुक्यातल्या गागोदे या खेड्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भावे यांनी ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत गीता मराठीत आणली, ती मात्र श्लोकाला श्लोक ठेवून, पुन्हा सातशेच श्लोकांत. ही ‘गीताई’. पुढच्याच वर्षी, २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले. ती अठरा प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक तयार झाले. त्यात विनोबा एकच गोष्ट दोनदा-तीनदा सांगतात, दृष्टान्तामागून दृष्टान्त देतात, मागच्या रविवारी कुठवर आलो होतो याची आठवण करून देतात. तीच गीता, तोच माणूस, मध्ये जेमतेम वर्षाचे अंतर. एका ठिकाणी एक अक्षर वाढू न देण्याचा निश्चय, दुसऱ्या ठिकाणी ऐसपैस बोलणे. यातले नेटके लेखन कोणते आणि पाल्हाळ कोणता? दोन्ही लेखने नेटकी आहेत असे माझे म्हणणे आहे. ती दोन्ही नेटकी कशी, हे नीट समजून घेतले तर आजच्या मराठी गद्यात साचलेले जास्तीचे शब्द कसे ओळखायचे याचा मार्ग सापडतो.

लेख आटोपशीर करणे म्हणजे तो आखूड करणे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. संपादक शब्दमर्यादा देतो, लेखक तेवढे शब्द कमी करतो, आणि काम झाले असे दोघांना वाटते. खरी कसोटी वेगळी आहे. शब्द काढला तर वाचकाचे काही जाते का, एवढेच पाहायचे असते. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता समजत नव्हती. तिला ती मराठीत हवी होती. आई १९१८ मध्ये गेली, तरी गीताईचा वाचक कोण हे तिने ठरवून ठेवले होते. असा वाचक श्लोक पाठ करतो, रोज म्हणतो, काम करता करता मनाशी घोळवतो. त्याला एक जास्तीचे अक्षरही ओझे होते. धुळ्यातल्या राजबंद्यांचे तसे नव्हते. ते एकदाच ऐकणार होते, मागचे पान उलटून पाहण्याची सोय त्यांना नव्हती. त्यांच्यासाठी पुनरुक्ती हीच ती सोय होती. ती कापली असती तर बोलणे आखूड झाले असते आणि कळणे अवघड. म्हणजे एखादा शब्द जास्तीचा आहे की नाही हे शब्दाकडे पाहून ठरत नाही. तो कोणासाठी आणि कशासाठी लिहिला आहे यावरून ठरते. ज्ञानेश्वरीतल्या उपमांची माळ याच न्यायाने जास्तीची नाही. ती काढली तर ज्याच्यासाठी ज्ञानेश्वर मराठीत बोलायला बसले त्या श्रोत्याच्या हाती काहीच उरणार नाही.

उलट बाजूनेही हे पाहता येते. संक्षेपाची आवड आपल्याकडे फार जुनी आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याइतका आनंद होतो, असे संस्कृत परंपरा सांगते, आणि पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत एक संपूर्ण भाषा बांधून दाखवली. पण त्या सूत्रांचा अर्थ लावण्यासाठी पतंजलीला महाभाष्य लिहावे लागले. रोह्यात ज्यांचे बालपण गेले ते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री, यांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठी पद्यानुवाद केला. असे काम करणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव येतो: संस्कृतातला एक लांब समास मराठीत उलगडायचा तर चार-पाच शब्द लागतातच, आणि ते शब्द वाया गेलेले नसतात. सूत्र पाठांतरासाठी असते आणि शेजारी गुरू बसला आहे असे ते गृहीत धरते. वर्तमानपत्र, सरकारी सूचना, मासिकातला लेख यांच्या वाचकाशेजारी कोणी बसलेले नसते. त्यामुळे या लेखाचा आग्रह सूत्रासारखे लिहा असा नाही. वाचकाला अडवणारे शब्द काढा, एवढाच आहे. आणि ते नेमके कुठे साचतात हे मराठीपुरते स्पष्ट सांगता येते.

मराठी मुळात काटकसरी भाषा आहे. ‘पाऊस थांबल्यावर निघालो’ या तीन शब्दांत काय काय मावले आहे ते पाहा. निघणारा म्हणजे बोलणाराच हे क्रियापदाच्या शेवटावरून कळते, ‘मी’ वेगळे सांगावे लागत नाही. आधी पाऊस थांबला आणि मग निघणे झाले हा क्रम ‘थांबल्यावर’ या एका रूपात आला. दुसऱ्या अनेक भाषांना इथे दोन वाक्ये आणि एक जोडशब्द लागतो. प्रत्ययांचेही तसेच. ‘होडीने आलो’ यातला ‘ने’ साधन दाखवायला पुरतो. असे असताना आपण ‘होडीच्या माध्यमातून’ म्हणू लागलो, ‘शेतीसाठी’ ऐवजी ‘शेतीच्या दृष्टिकोनातून’ लिहू लागलो, ‘रस्त्याबद्दल’ च्या जागी ‘रस्त्याच्या संदर्भात’ आले. भाषेने आधीच दिलेला प्रत्यय सोडून आपण त्याच कामावर दोन-दोन शब्द नेमले. पण हे वरवरचे आहे, आणि लाल शाईने दहा मिनिटांत दुरुस्त करता येते. मोठी गळती क्रियापदात आहे. पाहिले, ठरवले, वाढले, कळले ही धडधाकट क्रियापदे आपण नामे करून टाकतो आणि त्यांच्यामागे ‘करण्यात आले’, ‘होत असल्याचे दिसून आले’, ‘घेण्यात येत आहे’ असे डबे जोडत जातो. ‘ठरवले’ चे ‘निर्णय घेतला’ झाले, त्याचे ‘निर्णय घेण्यात आला’ झाले, मग ‘निर्णय घेण्याबाबतची कार्यवाही करण्यात आली’. प्रत्येक पायरीवर शब्द वाढले, आणि दुसऱ्या पायरीवर आणखी एक गोष्ट घडली: ठरवणारा माणूस वाक्यातून निघून गेला.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पेण तालुक्याच्या खारेपाटात उधाणाच्या भरतीने बाहेरचा बांध फुटतो आणि खारे पाणी भातशेतीत शिरते. गावातला माणूस म्हणतो, ‘बांधाला खांड गेली.’ तीन शब्द, आणि ऐकणाऱ्याला पुढचे सगळे चित्र दिसते. आता सरकारी अहवालाच्या भाषेत तेच असे होईल: ‘संरक्षक बांधास काही ठिकाणी भगदाड पडल्याचे निदर्शनास आले असून त्याबाबत आवश्यक ती उपाययोजना करण्याच्या सूचना संबंधितांना देण्यात आल्या आहेत.’ हे वाक्य मी नमुन्यासाठी रचले आहे, पण अशी वाक्ये महाराष्ट्रातल्या कोणत्याही कार्यालयात रोज लिहिली जातात. एकोणीस शब्दांच्या या वाक्यात एकही माणूस नाही. भगदाड कोणाच्या निदर्शनास आले, कधी आले, सूचना कोणी कोणाला दिल्या, बांध कधी दुरुस्त होणार, यांतले काहीही वाचकाला कळत नाही. ‘संबंधित’ हा एक माणूस असल्यासारखा वाटतो, पण त्याला नाव नाही, हुद्दा नाही. लिहिणाऱ्याने ही चलाखी जाणूनबुजून केली असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा त्याला असेच लिहायला शिकवलेले असते. पण परिणाम तोच होतो: ज्याच्या शेतात मीठ बसले त्याला जाब कोणाला विचारावा हे कळत नाही. जास्तीचे शब्द नुसती जागा अडवत नाहीत. न सांगितलेली माहिती ते झाकतात, आणि सगळे सांगून झाले असा भास निर्माण करतात.

ही सवय कुठून आली याचे उत्तर एकेरी नाही. शिवकालात राज्यव्यवहारकोश तयार झाला तेव्हा प्रश्न फारसी शब्दांचा होता; वाक्याची चाल त्या काळच्या मराठी पत्रांत आणि बखरींत पुष्कळदा तुटक, थेट आणि क्रियापदाच्या जोरावर चालणारी आहे. इंग्रजी अमदानीत कायदे, जाहीरनामे, परिपत्रके इंग्रजीतून मराठीत येऊ लागली आणि इंग्रजी कचेरीची कर्त्याला मागे ठेवणारी वाक्यरचना सोबत आली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश निघाले. त्या पिढीचे हे काम मोठे आहे. राज्याचा कारभार मराठीत चालू शकतो हे त्यांनी सिद्ध केले. पण कोशातून शब्द मिळतो, वाक्य मिळत नाही. नवे मराठी शब्द जुन्या अनुवादित साच्यांत बसत गेले. त्यात कचेरीतली एक साधी भीती मिसळली. ‘मी पाहिले’ असे लिहिले की उद्या साक्षीला उभे राहावे लागेल. ‘दिसून आले’ असे लिहिले की कोणालाच उभे राहावे लागत नाही. भीतीतून आलेले शब्द व्याकरणाच्या पुस्तकाने जात नाहीत. वरिष्ठाने कनिष्ठाला ‘तू पाहिलेस ना, मग तसे लिही’ असे सांगितले आणि त्याच्या पाठीशी उभा राहिला, तरच जातात.

ज्या मजकुरावर जीव अवलंबून असतो तिथे याची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते. रोहा कुंडलिकेच्या काठी आहे. पावसाळ्यात नदी इशारा पातळी ओलांडते, कधी धोका पातळीकडे जाते, आणि प्रशासन काठच्या लोकांना सूचना देते. अशा सूचनेचा एक ठरीव साचा घेऊन मी हे वाक्य रचले आहे: ‘याद्वारे सर्व संबंधित नागरिकांना सूचित करण्यात येते की, सध्या सुरू असलेल्या अतिवृष्टीच्या पार्श्वभूमीवर कुंडलिका नदीच्या पाणीपातळीमध्ये मोठ्या प्रमाणावर वाढ होत असल्याचे निदर्शनास आलेले असून, नदीकाठच्या सखल भागांमध्ये वास्तव्यास असणाऱ्या नागरिकांनी आवश्यक ती सर्व खबरदारी घेऊन सुरक्षित ठिकाणी स्थलांतरित होण्याच्या दृष्टीने योग्य ती कार्यवाही करावी.’ शब्द ४४. आता कापायला बसू. ‘याद्वारे सूचित करण्यात येते की’ काढले तरी सूचना ही सूचनाच राहते. अतिवृष्टी दाराबाहेर दिसते आहे, ती सांगायला नको. ‘पाणीपातळीमध्ये वाढ होत असल्याचे निदर्शनास आलेले’ म्हणजे पाणी वाढत आहे. ‘वास्तव्यास असणाऱ्या’ म्हणजे राहणाऱ्या. ‘स्थलांतरित होण्याच्या दृष्टीने योग्य ती कार्यवाही करावी’ म्हणजे जावे. उरते एवढे: ‘कुंडलिकेचे पाणी वाढत आहे. नदीकाठी सखल भागात राहणाऱ्यांनी सुरक्षित जागी जावे.’ शब्द ११.

खरे काम इथून पुढे सुरू होते. ११ शब्द समोर ठेवल्याबरोबर मूळच्या ४४ शब्दांत काय नव्हते ते लख्ख दिसते. सुरक्षित जागा कोणती? जायचे कधी, आत्ता की सकाळी? म्हातारी माणसे, आजारी माणसे कशी न्यायची? ४४ शब्दांच्या गर्दीत हे प्रश्न वाचकाला पडले नाहीत, आणि बहुधा लिहिणाऱ्यालाही पडले नाहीत. आता मोकळ्या झालेल्या जागेत उत्तरे लिहिता येतात: ‘कुंडलिकेचे पाणी वाढत आहे. नदीकाठी सखल भागात राहणाऱ्यांनी अंधार पडण्यापूर्वी नगरपालिकेच्या शाळेत जावे. गाडी हवी असल्यास तहसील कार्यालयाला फोन करावा.’ हे झाले २० शब्द, मूळच्या निम्म्याहून कमी, आणि माहिती मूळच्या कितीतरी पट. शब्द कापण्याचा फायदा वाचकाचा वेळ वाचण्यापुरता नाही. कापल्यावर लिहिणाऱ्याला आपल्या विचारातली भोके दिसतात. म्हणून मजकूर आटोपशीर करणे ही शेवटची झाडलोट आहे असे मी मानत नाही. तो विचार करण्याचाच भाग आहे.

पेण तालुक्यातच याच्या उलट बाजूचे एक ठळक उदाहरण घडले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घेण्याचा विषय पेटला होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी राज्य सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले. त्याआधी दोन-तीन वर्षे या विषयावर नोटिसा, हरकती, निवेदने, खुलासे यांचा ढीग झाला होता. भूसंपादनाची नोटीस लांब असते, आणि तिचा काही भाग लांब असलाच पाहिजे. गट नंबर, क्षेत्र, खातेदाराचे नाव यांतले एक अक्षर वगळून चालत नाही. पण त्या सगळ्या कागदांच्या तळाशी असलेला प्रश्न एका ओळीचा होता: जमीन या प्रकल्पाला द्यायची आहे की नाही? तो प्रश्न तसा, थेट विचारला गेला तेव्हा त्याला थेट उत्तर देता आले. शेतकऱ्यांना आधी विषय कळत नव्हता असे मुळीच नाही. त्यांना तो सर्वांत चांगला कळत होता. कागदाच्या भाषेत मात्र तो प्रश्न कुठेच सरळ उभा नव्हता, आणि सरळ उभा नसलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येत नाही.

सगळा दोष कचेरीवर टाकणे अन्यायाचे होईल. शाळेत आपण निबंध पानांवर मोजतो. ‘आजच्या या धकाधकीच्या जीवनात’ ने सुरुवात करणाऱ्या आणि ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही’ ने परिच्छेद संपवणाऱ्या मुलाला गुण मिळतात, कारण पान भरते. तेच मूल पुढे बातमीदार होते, कारकून होते, स्मरणिकेचा संपादक होते. मग लेखात येते, ‘पेण हे शहर सुबक गणेशमूर्तींसाठी जगप्रसिद्ध असे शहर म्हणून ओळखले जाते.’ या वाक्यात एकच माहिती आहे आणि तीही ऐकीव वाटते. त्याऐवजी ‘पेण, हमरापूर, जोहे इथले गणपती परदेशी जातात’ असे लिहिले तर जगप्रसिद्ध हा शब्द न लिहिता सिद्ध होतो, आणि दोन गावांची नावे वाचकाच्या पदरी पडतात. विशेषणाच्या जागी वस्तुस्थिती ठेवली की वाक्य आपोआप आखूड होते. दूरचित्रवाणीवरच्या ‘या ठिकाणी आपण पाहू शकतो’ चेही असेच. उभ्या उभ्या बोलणाऱ्याला पुढचे वाक्य सुचेपर्यंत असा आधार लागतो, आणि बोलताना तो क्षम्य आहे. अडचण तो कागदावर उतरतो तेव्हा होते, कारण कागदावर लिहिणाऱ्याला थांबायला हवा तेवढा वेळ असतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप मराठीवर प्रेम करणारे लोक घेतात, आणि त्यात तथ्य आहे. त्यांचे म्हणणे असे की शब्द कापा, कापा ही इंग्रजी शिकवण आहे. अमेरिकेतले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या छोट्या पुस्तकात अनावश्यक शब्द गाळा असा नियम घातला, १९४६ मध्ये जॉर्ज ऑरवेलने राजकीय भाषेच्या भोंगळपणावर निबंध लिहिला, आणि तेव्हापासून लेखन शिकवणारे सगळे तेच सांगतात. मराठीचा पिंड वेगळा आहे. पिंड वेगळा आहे हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच इंग्रजी नियमांची यादी इथे उचलून आणू नये. त्या यादीप्रमाणे ‘हळूहळू’ मधला एक ‘हळू’ जास्तीचा ठरेल. मराठीत तो काढला तर गतीच बदलते. ‘भाकरीबिकरी खाल्ली का’ मधल्या ‘बिकरी’ ला कोशात अर्थ नाही, पण तिच्यात आपुलकी आहे. ‘तोच’ मधला ‘च’, ‘मीही’ मधला ‘ही’, ‘ये तर खरा’ मधला ‘तर’ ही अक्षरे वाक्याचा सगळा कल फिरवतात. यांवर कात्री चालवणारा संपादक मराठीचे नुकसान करतो, यात मला शंका नाही. लांब वाक्याबद्दलही तेच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या निबंधमालेतली वाक्ये ओळीमागून ओळी धावतात, पण त्यांत क्रियापदे जिवंत आहेत, कर्ता समोर आहे आणि प्रत्येक उपवाक्य प्रतिपक्षाला एक पाऊल मागे ढकलते. लांबी आणि पसरटपणा एक नव्हेत. मात्र हेही पाहिले पाहिजे की ‘च्या माध्यमातून’ आणि ‘करण्यात येत असल्याचे’ ही मराठीची श्रीमंती नाही. गागोदे-रोह्यातली कोणतीही आजी तसे बोलत नाही. मराठीच्या पिंडाची बाजू घ्यायची तर ती या रचनांविरुद्धच घ्यावी लागेल.

दुसरा आक्षेप अदबीचा आहे. तहसीलदारांना अर्ज लिहिणारा माणूस ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ पासून सुरुवात करतो, ‘सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती’ ने संपवतो, आणि मधल्या तीन ओळींत त्याची खरी अडचण असते. हे कापायचे का? मी ते कापणार नाही. ज्याच्या हाती काहीच नाही तो शब्दांनी सावधगिरी बाळगतो. त्याला ‘मुद्द्याचे बोल’ म्हणणे सोपे आहे आणि निष्ठुरही. शिवाय मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘यावे’, ‘पाहावे’, ‘कळवावे’ ही रूपे आखूड आहेत आणि नम्रही, त्यामुळे अदब राखण्यासाठी वाक्य फुगवण्याची गरज पडत नाही. पण आखूड लिहिण्याची पहिली जबाबदारी ज्याच्या हाती अधिकार आहे त्याची. कार्यालयाने उत्तर तीन ओळींत, कोण, काय, कधी हे सांगून दिले, तर अर्जदाराचे अर्जही काही वर्षांत आपोआप आटोपशीर होतील, कारण लोक अर्ज कार्यालयाच्याच भाषेची नक्कल करून लिहितात.

तिसरा आक्षेप वकिलांचा, की कायद्याच्या भाषेत पुनरुक्ती हीच सुरक्षितता असते. खरेदीखतात जमिनीच्या चारही दिशा लिहितात, पूर्वेस अमुकाची जमीन, पश्चिमेस ओढा, आणि वाचणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटते. वीस वर्षांनी बांधावरून वाद झाला की त्यातली एकेक दिशा कामाला येते. अशा मजकुरातला एकही शब्द जास्तीचा नाही; गीताईच्या अक्षरांइतकाच तो मोजून ठेवलेला आहे. एकाच गोष्टीला कागदभर एकच नाव वापरणे, ‘सदर’ म्हणून आधीच्या उल्लेखाशी ती बांधून ठेवणे, हेही योग्यच. पण ‘आवश्यक ती सर्व’, ‘योग्य ती’, ‘मोठ्या प्रमाणावर’ या शब्दांनी कायदेशीर अचूकता कोणती येते? ते शब्द अचूकपणाच्या नेमके उलट काम करतात. किती, कोणती, कुठवर, हे ठरवण्याचे काम ते टाळतात. न्यायालयात अशा शब्दांवरूनच वाद निर्माण होऊ शकतात. म्हणजे वकिलांचा आक्षेप गंभीरपणे घेतला तर त्यातून कापण्याचा आग्रह आणखी पक्का होतो: दिशा चारही ठेवा, ‘योग्य ती’ काढा.

हे करायचे कसे, यासाठी मोठी पद्धत लागत नाही. लिहिलेला मजकूर एक रात्र बाजूला ठेवावा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्यातले क्रियापद शोधावे आणि ते कोणी केले हे वाक्यात आहे का ते पाहावे. नसेल आणि ठाऊक असेल तर लिहावे, ठाऊक नसेल तर आधी विचारून घ्यावे. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून पाहावे. पुष्कळदा लेख तिथूनच सुरू होत असतो. मग मजकूर मोठ्याने वाचावा, कारण डोळे ज्या शब्दांवरून घसरून जातात त्यांवर जीभ अडखळते. सूचना सार्वजनिक असेल तर आणखी एक गोष्ट करता येईल. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ती फळ्यावर लागण्याआधी बाहेर कामासाठी आलेल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवावी, ज्याला त्या विषयाची आधी काही माहिती नाही अशाला. वाचून झाल्यावर तो जर विचारेल, ‘म्हणजे जायचं कुठं, आणि कधी?’, तर त्याला तोंडी उत्तर देऊन थांबू नये. ते उत्तर सूचनेत पहिल्या ओळीवर लिहावे आणि मग बाकीचे किती उरते ते पाहावे.